पांढरी वाइन निवडायची तर आधी आंबटपणा ओळखा

मी स्वतः निवडून आणलेली पहिली पांढरी वाइन रीझलिंग होती. उंच, निमुळती बाटली आणि लेबलवर नदीकाठच्या उतारावरचा द्राक्षमळा. दुकानदार एवढंच म्हणाला होता, "हलकी आहे, घ्या." घरी येऊन पहिला घोट घेतला तर गोड. मला ती फार आवडली. दोन महिन्यांनी पुन्हा रीझलिंगच आणली, फक्त दुसऱ्या उत्पादकाची. ही मात्र लिंबाची फोड चावावी तशी आंबट होती आणि गोडीचा मागमूसही नव्हता. द्राक्ष तेच, देश तोच, बाटलीचा आकारही तोच. मग ही अशी आंबट निघाली कशी?

पहिली रिकामी बाटली मी ठेवलेली होती. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून लेबलं वाचली. पहिलीवर अल्कोहोल ८.५ टक्के होतं, दुसरीवर १२.५ टक्के. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे पुढचं गणित मला सुटलं. यीस्ट द्राक्षरसातली साखर खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. दर लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर संपली की एक टक्का अल्कोहोल तयार होतं. समजा, रसात लिटरमागे १९० ग्रॅम साखर होती आणि ८.५ टक्क्यांवर आंबवणं थांबवलं. मग जवळपास ४५ ग्रॅम साखर वाइनमध्येच राहते. तोच रस शेवटपर्यंत आंबू दिला की साखर जवळजवळ संपते आणि मागे राहतो तो आंबटपणा. माझ्या दोन बाटल्यांमधला मुख्य फरक हाच होता, आणि तो लेबलवर छापलेला होता. मला तो वाचता येत नव्हता, इतकंच.

त्या दिवसापासून मी पांढरी वाइन एकाच क्रमाने चाखते. आधी आंबटपणा, मग गोडवा, मग अंग (म्हणजे तोंडात जाणवणारा भरीवपणा) आणि सगळ्यात शेवटी वास. नवशिक्याला बहुतेक जण उलट सांगतात: ग्लास फिरवा, नाक घाला, पीचचा वास येतो का बघा, फुलांचा येतो का बघा. वास हा वाइनमधला सर्वात सुंदर भाग आहे, पण तो ओळखायला वर्षं लागतात. आंबट आणि गोड मात्र जिभेला जन्मापासून कळतं. त्यांची गल्लत होते ती दोन्ही एकाच घोटात आल्यावर. म्हणून आधी ती गल्लत काढून टाकू.

बाटली विकत घेण्याआधीचा एक प्रयोग

दोन ग्लास घ्या आणि दोन्हींत सारखं पाणी ओता. दोन्हींत चमचाभर लिंबाचा रस घाला. दुसऱ्या ग्लासात वर दोन चमचे साखर विरघळवा. आधी पहिल्या ग्लासातला घोट घ्या, गिळा आणि थांबा. गालांच्या आतल्या बाजूने, जबड्याच्या कोपऱ्यांतून लाळ सुटते. ती किती वेळ सुटत राहते ते मनात मोजा. तोंड साध्या पाण्याने धुऊन दुसऱ्या ग्लासातला घोट घ्या. हा सौम्य लागेल, पण गिळल्यावर पुन्हा लाळेकडेच लक्ष द्या. ती सुटतेच. आम्ल तेवढंच आहे, साखरेने त्याच्यावर पांघरूण घातलंय. गोड वाइनमधला आंबटपणा असा लाळेवरून शोधायचा.

याच्या जोडीला दुसरी सवय लावा ती नाक धरून पिण्याची. ज्या वाइनला पिकलेल्या आंब्याचा किंवा मधाचा वास येतो, ती आपल्याला गोड वाटते. माझ्या ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येकाची इथेच फसगत झाली आहे, कारण फळाचा वास आणि साखर या दोन गोष्टी मेंदू एकत्र बांधून ठेवतो. नाक चिमटीत धरून घोट घेतला की वास बाजूला होतो आणि साखर असेल तरच जिभेवर गोड लागतं. सुगंधी पण पूर्ण कोरडी वाइन यात झटकन उघडी पडते. 'ड्राय' म्हणजे कोरडी म्हणजे गोडी नसलेली. वास कितीही रसाळ असला तरी.

आता अंग. वाइन तोंडात पाण्यासारखी पातळ सरकते की जिभेवर थोडी रेंगाळते, हा प्रश्न आहे. अंग मुख्यतः अल्कोहोलमुळे येतं, त्यात साखर असेल तर तिचीही भर पडते. तळाशी बसलेल्या मृत यीस्टच्या गाळावर वाइन काही महिने ठेवली असेल तरीही ती भरीव होते. लेबलवरचा आकडा इथेही मदतीला येतो. माझा ढोबळ हिशेब असा आहे: ११ टक्क्यांच्या खाली हलकी, १३.५ च्या वर भारदस्त, मधली मध्यम.

लाल वाइनमध्ये तुरटपणा असतो, तोच तिचा कणा होतो. पांढऱ्या वाइनचा रस बहुधा सालींपासून लगेच वेगळा काढतात. तुरटपणा आणि रंग हे दोन्ही मुख्यतः सालीत असल्यामुळे ते मागेच राहतात. म्हणूनच काळ्या द्राक्षांपासूनही पांढरी वाइन करता येते, आणि शॅम्पेनमध्ये ती सर्रास होते. तुरटपणा नसला की पांढऱ्या वाइनला उभं ठेवायला उरतो फक्त आंबटपणा. तो कमी पडला की वाइन कितीही सुवासिक असो, दुसऱ्या घोटाला कंटाळा येतो. नवशिक्या मंडळींना मी आंबटपणापासून सुरुवात करायला सांगते ते यासाठी.

एकटी बाटली काही शिकवत नाही

सुरुवातीला मी एक बाटली आणायचे, प्यायचे, 'छान' म्हणायचे आणि महिनाभराने विसरून जायचे. खरं शिकणं सुरू झालं ते दोन बाटल्या एकाच वेळी उघडल्यावर. चारपाच जण जमवा, दोन बाटल्या शेजारी ठेवा आणि प्रत्येकाला ५० मिलिलिटर ओता. ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून असे १५ वाटे निघतात, म्हणजे सगळ्यांना पुन्हा पुन्हा चाखायला भरपूर. शेजारी एक रिकामं भांडं ठेवा आणि चाखून थुंका. ते मुळीच असभ्य नाही, धंद्यातली माणसं रोज तेच करतात. तिसऱ्या ग्लासानंतर जीभ सुस्तावते आणि तुलना संपते.

पहिली जोडी मी शार्डनेची सुचवेन, आणि हिच्यावर जरा जास्त वेळ घालवा. "मला शार्डने आवडत नाही" हे वाक्य मी कितीतरी वेळा ऐकलं आहे आणि दरवेळी विचारते, "कुठली?" कारण या द्राक्षाला स्वतःचा ठळक वास फारसा नाही. ते जिथे वाढतं आणि त्याच्यावर जे संस्कार होतात, तेच त्याच्यात उतरतं. फ्रान्समधल्या बर्गंडीच्या उत्तर टोकाला शाब्ली आहे. हवा थंड, जमीन चुनखडीची, आणि बहुतेक वाइन पोलादी टाक्यांत केलेली. ती हिरव्या सफरचंदासारखी आंबट आणि सडसडीत लागते. त्याच बर्गंडीत दक्षिणेला मर्सो आहे. तिथे हेच द्राक्ष २२८ लिटरच्या, ओक झाडाच्या लाकडाच्या पिंपांत आंबतं आणि तिथेच मुरतं. त्या वाइनला भाजलेल्या सुक्या मेव्याचा आणि लोण्याचा वास येतो, अंग भरलेलं असतं.

ते लोणी कुठून येतं हे मला वर्गात सांगायला फार आवडतं. द्राक्षात मॅलिक आम्ल असतं, तेच हिरव्या सफरचंदातलं. काही जिवाणू त्याचं लॅक्टिक आम्ल करतात, जे दही-ताकात असतं. तीक्ष्ण आम्लाच्या जागी मऊ आम्ल येतं आणि या खटाटोपात डायअसिटिल नावाचा पदार्थ तयार होतो. लोण्याला लोण्याचा वास देणारा पदार्थ तोच. व्हॅनिला, टोस्ट, धूर हे वास मात्र ओकच्या पिंपाचे. तर 'लोण्यासारखी' आणि 'लाकडी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एखाद्याला एक आवडून दुसरी नावडू शकते. दुकानात 'मला शार्डने नको' असं म्हणण्यापेक्षा 'ओक नसलेली शार्डने द्या' म्हणा. लेबलवर 'अनओक्ड' असं लिहिलेलंही सापडतं.

शार्डनेबद्दल आणखी एक गोष्ट, कारण तिने मला धीर दिला. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये लेबलं झाकून एक चाचणी झाली. परीक्षक फ्रेंच, सगळे जाणकार. पांढऱ्या वाइनमध्ये बर्गंडीच्या नामवंत शार्डनेंसमोर कॅलिफोर्नियाच्या शार्डने ठेवल्या होत्या, आणि पहिली आली कॅलिफोर्नियाची शातो माँतेलेना, १९७३ सालची. लेबल झाकलं की सगळेच फक्त जिभेच्या आणि नाकाच्या भरवशावर असतात. तुमच्या जोड्याही बाटल्यांना कागद गुंडाळूनच चाखा.

दुसरी जोडी सॉव्हिन्यों ब्लाँची. फ्रान्समध्ये लुआर नदीच्या काठचं सॉन्सेर आणि न्यूझीलंडचं मार्लबरो, दोन्ही भरपूर आंबट, दोन्ही सहसा कोरड्या. मार्लबरोची उडी मारून अंगावर येते: पॅशनफ्रूट, नुकतं कापलेलं गवत. सॉन्सेर शांत असते, तिच्यात लिंबाची साल आणि ओल्या दगडासारखं काहीतरी असतं. गवताचा आणि ढोबळी मिरचीचा जो हिरवा वास या द्राक्षाला येतो तो पायराझिन गटातल्या पदार्थांचा. द्राक्ष पिकत गेलं, त्याला ऊन लागलं की तो कमी होतो. मार्लबरोची आधुनिक लागवड १९७३ मध्ये सुरू झाली, म्हणजे सॉन्सेरच्या मानाने ती कालचीच, तरी आज जगभर अनेकांना सॉव्हिन्यों म्हटलं की तिचीच चव आठवते. आंबटपणा ओळखायला शिकायचं तर या द्राक्षाहून सोपा शिक्षक नाही.

तिसरी जोडी माझ्या त्या चुकीची: एक गोड आणि एक कोरडी रीझलिंग. जर्मन लेबलवर 'ट्रोकन' असेल तर कोरडी, 'हाल्बट्रोकन' म्हणजे अर्धवट कोरडी. 'काबिनेट' आणि 'श्पेटलेझे' हे शब्द द्राक्षं तोडताना किती पिकलेली होती ते सांगतात, वाइन किती गोड आहे ते नाही. 'काबिनेट ट्रोकन' असं जोडून लिहिलेली बाटली कोरडीच असते. नुसतं 'काबिनेट' आणि अल्कोहोल ८-९ टक्के दिसलं की ती गोड समजा. रीझलिंगमध्ये आम्ल इतकं असतं की बरीच साखर असूनही ती चिकट लागत नाही, आणि लिंबू-साखरेचा तुमचा प्रयोग इथे उपयोगी पडतो. मोझेल खोऱ्यातल्या गोड काबिनेटचा घोट गिळून लाळेकडे लक्ष द्या. जुन्या रीझलिंगला कधीकधी पेट्रोलसारखा वास येतो. तो दोष नाही, वयाबरोबर तयार होणाऱ्या एका पदार्थाचा तो वास आहे. मला तो अतिशय आवडतो, माझ्या बहिणीला सोसवत नाही.

आंबट-गोडाचं हे नातं युरोपच्या कायद्यानेही मान्य केलं आहे. तिथे साध्या, बुडबुडे नसलेल्या वाइनला 'कोरडी' म्हणायचं तर लिटरमागे साखर ४ ग्रॅमपर्यंतच चालते. पण आम्ल पुरेसं असेल तर ९ ग्रॅमपर्यंतही मुभा आहे.

बाकीची द्राक्षं थोडक्यात. पिनो ग्रीजो इटलीत लवकर तोडून हलकी आणि साधी करतात. फ्रान्सच्या अल्सासमध्ये तेच द्राक्ष पिनो ग्री होतं, तिथली वाइन भरदार आणि कधी गोडसरही असते. गेवुर्त्सट्रामिनर एकदा तरी चाखाच: लिची आणि गुलाबाचा घमघमाट, आणि लिचीत जो सुगंधी रेणू असतो तोच तिच्यातही सापडतो. आम्ल मात्र कमी, त्यामुळे एका ग्लासात मन भरतं. विओनिए जर्दाळूच्या वासाची, तीही कमी आंबट आणि जड. ऑस्ट्रियाची ग्र्यूनर फेल्टलिनर पांढऱ्या मिऱ्याची आठवण करून देते. स्पेनच्या वायव्य किनाऱ्यावरची अल्बारिन्यो किंचित खारट वाटते. मोस्कातो द'आस्ती गोड, बुडबुड्यांची आणि जेमतेम ५ टक्क्यांची. जिला गोडच आवडतं तिने खुशाल इथून सुरुवात करावी. गोड आवडणं म्हणजे कच्ची चव, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. सोतेर्न आणि तोकाय या जगातल्या सर्वात मानाच्या वाइनपैकी आहेत आणि दोन्ही गोड आहेत.

माझं स्वतःचं मन शेनिन ब्लाँवर जडलं आहे. लुआरकाठच्या वूव्रे गावाच्या आसपास याच एका द्राक्षापासून कोरडी, निमगोड, गाढ गोड आणि बुडबुड्यांची अशा सगळ्या तऱ्हा होतात. जगात याची सर्वाधिक लागवड दक्षिण आफ्रिकेत आहे. आम्ल खणखणीत, वासात सफरचंद, मध आणि ओली लोकर. ओल्या लोकरीचं वाचून नाक मुरडू नका, ग्लासात तो वास छान लागतो.

लेबलवरच्या फसव्या जागा

फ्रेंच लेबलवर पुष्कळदा द्राक्षाचं नाव नसतं, गावाचं असतं. शाब्ली म्हणजे शार्डने, पांढरी सॉन्सेर म्हणजे सॉव्हिन्यों ब्लाँ, वूव्रे म्हणजे शेनिन, एवढं पाठ केलं तरी खूप झालं. पुयी-फ्युमे आणि पुयी-फ्विसे ही नावं सख्ख्या बहिणींसारखी दिसतात, पण पहिली सॉव्हिन्यों आणि दुसरी शार्डने. मी एकदा एकीऐवजी दुसरी आणली होती.

बुडबुड्यांच्या बाटलीवर 'एक्स्ट्रा ड्राय' दिसलं तर ती सर्वात कोरडी समजू नका. 'ब्रूट'मध्ये साखर लिटरमागे १२ ग्रॅमच्या आत असते, 'एक्स्ट्रा ड्राय'मध्ये १२ ते १७. 'रिझर्व्ह' या शब्दाला स्पेन-इटलीत कायद्याचा आधार आहे, पुष्कळ देशांत मात्र तो कुणीही छापू शकतो. फिरकीचं झाकण म्हणजे हलका माल, हाही गैरसमजच. ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर व्हॅलीच्या रीझलिंग उत्पादकांनी २००० साली विचारपूर्वक ते स्वीकारलं, कारण बुचामुळे खराब होणाऱ्या बाटल्यांना ते कंटाळले होते.

साल जरूर बघा. साध्या, ताज्या पांढऱ्या वाइनसाठी जितकं अलीकडचं तितकं चांगलं, दोनतीन वर्षांपलीकडे मी जात नाही. दक्षिण गोलार्धात द्राक्षं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तोडतात, उत्तरेत ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये. म्हणजे एकच साल छापलेली न्यूझीलंडची बाटली फ्रान्सच्या बाटलीपेक्षा सहा महिन्यांनी मोठी असते. आणि पारदर्शक काचेची बाटली दुकानाच्या खिडकीत, उजेडात उभी असेल तर ती सोडून द्या. उजेडाने पांढरी वाइन खरोखर बिघडते, तिला शिजलेल्या कोबीसारखा वास येऊ लागतो.

दुकानात तोंड उघडताना देशाचं किंवा द्राक्षाचं नाव आठवलं नाही तरी चालतं. "कोरडी हवी, आंबटपणा चांगला असू दे, अंगाने हलकी, ओक नको." एवढ्या वाक्यावर कुठलाही जाणता दुकानदार योग्य कपाटापाशी नेतो. ज्याला या वाक्याचा अर्थ लागत नाही, त्याच्या शिफारशीवर विसंबू नका, स्वतः लेबल वाचा.

थंड, पण किती

फ्रीज साधारण ४ अंशांवर असतो. तिथून थेट ओतलेल्या वाइनला वास जवळजवळ नसतो, कारण सुगंधी रेणू थंडीत उडत नाहीत. गोडवाही दबतो आणि आंबटपणा धारदार लागतो. हलक्या वाइन ७ ते १० अंशांना, ओकमधल्या भारदस्त वाइन १० ते १३ अंशांना खुलतात. फ्रीजमधून काढून हलकी दहा मिनिटं आणि जड वीस-पंचवीस मिनिटं बाहेर ठेवली की जमतं. एकदा मुद्दाम थंडगार ओतून दर दहा मिनिटांनी चाखत बसा, एकाच ग्लासात तीन वाइन भेटतील. उलट घाई असेल तर नुसत्या बर्फात बाटली खुपसू नका. बर्फात पाणी घाला, म्हणजे काचेला सगळीकडून गारवा लागेल, आणि मूठभर मीठ टाकलंत तर आणखी लवकर. वीस मिनिटांत काम होतं. ग्लास दांडीला धरा आणि एक तृतीयांशच भरा, वास साठायला वर जागा लागते.

बुचाच्या बाटलीला ओल्या पुठ्ठ्याचा, बुरसट तळघराचा वास आला आणि फळाचा वास हरवलेला असला तर ती वाइन बिघडलेली आहे. बुचातून आलेल्या टीसीए नावाच्या रसायनाने तसं होतं. मी अशी एक आख्खी बाटली 'आपल्याला कळत नसेल' असं म्हणून संपवली होती. तुम्ही तसं करू नका, परत द्या. तळाशी काचेसारखे खडे दिसले तर मात्र घाबरू नका, ते टार्टारिक आम्लाचे क्षार आहेत, थंडीने खाली बसलेले आणि निरुपद्रवी.

वही ठेवा. मी प्रत्येक वाइनला तीन आकडे देते, पाचापैकी: आंबट, गोड, अंग. शेजारी अल्कोहोल, साल, गाव आणि वासाबद्दल जे सुचेल ते एका ओळीत. सुचलं नाही तर ती जागा कोरी. दहाएक नोंदी झाल्यावर आवडलेल्यांपुढे खूण करून मी आकडे वाचले, तर जवळजवळ सगळ्यांना आंबटसाठी ४ किंवा ५ होते. द्राक्षं वेगळी, देश वेगळे, कोरड्या आणि गोड दोन्ही. त्यानंतर दुकानात मी प्रश्न बदलला.

उरलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये तीनेक दिवस टिकते. अर्ध्याहून कमी असेल तर लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, हवा जितकी कमी तितकी बरी. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखून त्याच ओळीत नवे आकडे लिहा. भरपूर आम्लाची शेनिन किंवा रीझलिंग पुष्कळदा तशीच उभी असते, कधी आदल्या दिवसापेक्षा मोकळी झालेली. कमी आम्लाची मात्र तोवर बसलेली असते.